कलम ६६-अ आणि कलम ६९-अ: कोणती वाट बरी?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमाचा रोख लिहिणाऱ्यावर होता. 'त्रासदायक' किंवा 'गैरसोयीचं' असे मोघम शब्द आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद. त्रास कुणाला, किती, हे पोलीस ठाण्यातला अधिकारी ठरवणार! २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं. तिला अटक झाली आणि ती पोस्ट नुसती लाइक करणाऱ्या मैत्रिणीलाही. समाजाच्या भावना जपण्याचा हा मार्ग मला आजही संतापजनक वाटतो. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं.

त्याच निकालात ६९-अ मात्र टिकलं. ते मजकूर रोखतं, पण देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठीच, समितीपुढे सुनावणी घेऊन आणि लेखी कारणं देऊन. 'कुणाला तरी खटकलं' हे कारण त्यात बसत नाही. २०२० मध्ये टिकटॉक याच कलमाखाली बंद झालं.

माझा कौल ६९-अ च्या चौकटीला, पण त्याखालच्या २००९ च्या नियमांतली, मजकूर रोखण्याचे आदेश गुप्त ठेवण्याची तरतूद आधी काढा. आदेशच हाती लागला नाही तर लिहिणाऱ्याने न्यायालयात आव्हान द्यायचं तरी कोणत्या गोष्टीला?