धोबी तलावची स्मृतिचिन्हं: समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या गुणगौरवासाठी घेताना

समाजकार्य आणि फौजदारी न्याय शिकणाऱ्या मुलामुलींचा गुणगौरव करायचा ठरला की मुंबईत खरेदीसाठी धोबी तलाव हा पहिला पत्ता. मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, त्यांतच ट्रॉफीवाले. मरीन लाइन्स स्टेशनवरून चालत जाता येतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून आठवड्यात मधल्या वारी आणि दुपारच्या आत जावं.

आधी मत सांगतो. घडण, पॉलिश आणि वेळेवर माल देणं यांत हा बाजार उत्तम आहे. मराठी मजकुरात मात्र कच्चा. आणि या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मजकूर हाच खरा सन्मान. पळण्याच्या शर्यतीत 'प्रथम क्रमांक' लिहिलं की भागतं. वर्षभर तुरुंगात, निरीक्षणगृहात, पोलीस ठाण्यात फील्डवर्क केलेल्या मुलीला 'उत्कृष्ट कामगिरी' एवढंच कोरून देणं म्हणजे तिचं काम पाहिलंच नाही, असं सांगणं.

तयार साचे पाहून भुलू नका. न्यायदेवतेची मूर्ती सगळीकडे मिळते, बहुधा डोळ्यांवर पट्टी आणि हातात तलवार असलेली. सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात २०२४ मध्ये दिसलेल्या नव्या मूर्तीला पट्टी नाही आणि तलवारीच्या जागी संविधान आहे. परिविक्षा (शिक्षेऐवजी देखरेखीखाली मोकळं ठेवणं), पुनर्वसन, कायदेशीर मदत या कामांसाठी तलवार आम्हाला तरी शोभत नाही. मूर्तीच्या पायाशी मजकुराला दोन बोटांची पट्टीच उरते, ही अडचण वेगळीच. सपाट पाटी घ्या, मजकूर ऐसपैस बसतो.

पाटी कशाची घ्यावी? अ‍ॅक्रिलिक स्वस्त आणि हलकं, पण ५ मिमीपेक्षा पातळ नको. लेझरने कोरलेली अक्षरं पांढरट उठतात आणि पांढऱ्या भिंतीपुढे फोटोत दिसतच नाहीत, म्हणून अक्षरांत रंग भरून घ्या किंवा मागे गडद पत्रा लावून घ्या. कापलेल्या कडा सॅनिटायझरने किंवा स्पिरिटने पुसल्या की बारीक तडे जातात, तेव्हा साधं ओलं कापड पुरे. क्रिस्टल दिसायला देखणं, पण लोकलच्या गर्दीतून नेताना टवका उडण्याची भीती. एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचा) पाया मुंबईच्या पावसाळ्यात फुगतो, आणि दुहेरी टेपने चिकटवलेली पाटी दमट हवेत सुटते. आमची पसंती सागाच्या फळीवर चार स्क्रूंनी बसवलेल्या पितळी पाटीला. महाग पडते, पण टिकते. दर विचारताना पेटी, कोरणावळ आणि जीएसटी धरूनच विचारा. नुसत्या पाटीचा दर ऐकून हिशेब चुकतो.

आता मजकूर. बऱ्याच दुकानांतली डिझाइनची कामं अजून युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटवर चालतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला युनिकोड मजकूर तिथे चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला लागते, जोडाक्षरं फुटतात, 'ऱ्या'चं 'र्या' होऊन भलतंच दिसतं. उपाय सोपा आहे. मजकूर स्वतः जुळवा, अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं रेखाचित्र करून, मग फाँट लागत नाही) पीडीएफ द्या, दुकानदाराला पुन्हा टाइप करू देऊ नका. प्रूफ मोबाइलवर न पाहता खऱ्या आकारात कागदावर छापून घ्या. ते दोघांनी वाचावं: एकाने नावं, दुसऱ्याने बाकी सगळं. नावं गुणपत्रिकेवरून घ्यायची, पण आधी प्रत्येकाला विचारायचं. जातीची ओळख नको म्हणून आडनाव न लावणारे विद्यार्थी या क्षेत्रात भेटतात, आणि व्यासपीठावर आडनाव पुकारलं गेलं तर त्यांना ते खटकतं.

काय लिहावं? काम लिहावं. 'विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या सामाजिक तपासणी अहवालांसाठी केलेल्या गृहभेटींबद्दल' एवढ्या एका ओळीत वर्षाचं श्रेय येतं. विधिसंघर्षग्रस्त म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं. मुलाच्या घरची परिस्थिती सांगणारा हा अहवाल बाल न्याय कायद्यानुसार परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत बाल न्याय मंडळापुढे ठेवायचा असतो. त्या घाईत वस्ती शोधून घरच्यांशी नीट बोलणं किती अवघड असतं, हे सभागृहातल्या पालकांनाही कळू द्या. किंवा 'भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली सुटकेस पात्र कच्च्या कैद्यांची कागदपत्रं जुळवल्याबद्दल'. पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर काही अपवाद वगळता त्याला या कलमाचा आधार मिळतो. तारखा मोजणं हे किचकट काम आहे आणि ते ज्याने केलं, त्याचं नाव पितळेवर आलंच पाहिजे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या १९८४ च्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षापासून आणि कैद्यांसोबत काम करणाऱ्या १९९० च्या 'प्रयास' प्रकल्पापासून मुंबईत ही कामं घडत आली आहेत. विद्यार्थ्याची फील्डवर्कसाठी नेमणूक जिथे झाली, त्या प्रकल्पाचं नावही पाटीवर द्या.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. कौतुकाच्या भरात मानपत्रात किंवा पडद्यावरच्या फोटोंत ज्या मुलासाठी काम केलं, त्याचं नाव, शाळा, वस्ती किंवा चेहरा येतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करण्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लागतं. चेहरा धूसर केला तरी मागची दुकानाची पाटी किंवा गणवेश ओळख पटवतो, म्हणून असे फोटो वापरूच नका. ट्रॉफीवाले तयार माल हौसेने स्टेटसवर टाकतात. त्यांनाही ऑर्डर देतानाच नाही म्हणून सांगा.

प्रमाणपत्राला ३०० जीएसएमचा (जाडसर) गुळगुळीत कागद घ्या. खरबरीत कागदावर लेझर प्रिंटचा टोनर घडीवर उडतो. लॅमिनेशन नको, त्यावर नंतर शिक्का उमटत नाही. शाल-श्रीफळाचा आग्रह असेल, तर महाराष्ट्र कारागृह विभागाच्या विक्री केंद्रात बंद्यांनी विणलेलं कापड मिळतं का, ते आधी पाहा. माल ठरावीक नसतो, तेव्हा चौकशी लवकर करा आणि धोबी तलावची ऑर्डर त्यानंतर पक्की करा.