रसेल, ड्युरंट की सोफी? वेस्टर्न फिलॉसॉफी सुरू कुठून करायची

मावसभाऊ इंजिनिअरिंग करतोय. परवा त्याचा मेसेज, दादा वेस्टर्न फिलॉसॉफी वाचायचीय एकच पुस्तक सांग, आणि खाली बर्ट्रांड रसेलच्या 'हिस्टरी ऑफ वेस्टर्न फिलॉसॉफी'च्या कव्हरचा फोटो, हेच घेऊ ना? म्हटलं थांब जरा, कारण हे जाडजूड पुस्तक हौसेनं आणून सॉक्रेटिस यायच्या आधीच, थेलीस-हेराक्लिटसमधेच गळालेले लोक मी बघितलेत, त्यातला एक मीच.

रसेलचं पुस्तक 1945 चं, 800 च्या वर पानं. प्लस पॉइंट असा की मध्ययुगातली हजारेक वर्षं तो गाळत नाही, ऑगस्टीन, अक्वायनस असे ख्रिस्ती विचारवंत सगळे येतात, शिवाय त्या त्या काळातलं राजकारण, पोप आणि राजांची भांडणं हेपण सांगतो. आणि माणूस तिरकस आहे हो! देकार्त थंडीत दिवसभर शेगडीच्या उबेत बसून विचार करायचा, त्यावर रसेल म्हणतो की सॉक्रेटिस बर्फात उभं राहून दिवसभर चिंतन करायचा, याचं डोकं मात्र ऊब मिळाल्यावरच चालायचं. पण न्यूट्रल म्हणाल तर अजिबात नाही. कांटला लोक आधुनिक काळातला सगळ्यात थोर मानतात, मला नाही पटत, असं सरळ लिहून मोकळा होतो. नीत्शेवर तर दातच आहे त्याचा, चॅप्टरच्या शेवटी बुद्ध आणि नीत्शेला देवासमोर उभं करून वाद घालायला लावलाय आणि स्वतः बुद्धाच्या बाजूनं. वाचायला भन्नाट, पण त्यातून नीत्शे कळतो असं काही नाही. आणि किर्केगार्डला, म्हणजे ज्याला अस्तित्ववादाचा जनक मानतात त्या डॅनिश तत्त्वज्ञाला, चॅप्टर नाही, कवी बायरनला आहे, आता काय बोलणार.

विल ड्युरंटचं 'द स्टोरी ऑफ फिलॉसॉफी' 1926 चं, आधी स्वस्तातल्या छोट्या पुस्तिका निघाल्या होत्या त्यातून झालेलं, म्हणून भाषा एकदम गप्पा मारल्यासारखी. स्पिनोझाचा चॅप्टर तर केवळ त्या माणसाच्या आयुष्यासाठी वाचावा. पण भोकं मोठी आहेत, ॲरिस्टॉटलवरून उडी थेट फ्रान्सिस बेकनवर, देकार्तला स्वतंत्र चॅप्टरच नाही, आणि ह्यूम कांटच्या चॅप्टरमधे उभ्या उभ्या भेटून जातो. उलट एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश हर्बर्ट स्पेन्सरला अख्खा चॅप्टर, ज्याला आता फारसं कोणी वाचत नाही, पण आगरकरांवर त्याचा प्रभाव होता, त्यामुळे आगरकर वाचले असतील तर हा स्पेन्सर कोण ते तिथं नीट कळेल.

'सोफीज वर्ल्ड' ही कादंबरी, नॉर्वेच्या यॉस्टाइन गॉर्डरची, 1991 ची, तो स्वतः शाळेत फिलॉसॉफी शिकवायचा. 14 वर्षांच्या मुलीला टपालपेटीत चिठ्ठी मिळते, तू कोण आहेस? डेमोक्रिटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचे अणू लेगोच्या ठोकळ्यांवरून समजावलेत, तेच तेच ठोकळे, मोडा आणि दुसरं काहीतरी बनवा. इतकं डोक्यात बसतं की रसेलचा तोच भाग नंतर सोपा जातो. किर्केगार्डही आहे. मात्र मधूनमधून लेक्चर होतं, आणि मोठ्या माणसाला ती सोफी जरा जास्तच गुणी वाटते.

माझं मत विचाराल तर तिन्हीच्या आधी प्लेटोचं 'अपॉलॉजी' वाचा, म्हणजे त्याच्या गुरूचं, सॉक्रेटिसचं, कोर्टातलं बचावाचं भाषण, दीड-दोन तासांचं काम. इसपू 399, अथेन्सच्या कोर्टात सॉक्रेटिस दोषी ठरलाय, शिक्षा काय हवी ते तूच सुचव म्हणतात, तर हा पठ्ठ्या म्हणतो मला सरकारी खर्चानं जेवण द्या, ऑलिंपिक जिंकणाऱ्यांना देता तसं. इतिहासाची पुस्तकं हे दोन ओळीत उरकतात, इथं तो स्वतः बोलतो.

मग कॉलेजातल्या पोराला सोफी, गोष्टीवेल्हाळ माणसाला ड्युरंट, आणि ज्याला वाद घालायला आवडतं त्याला रसेल. भाऊ कॉलेजातलाच, पण त्यानं रसेल आधीच धरला होता म्हणून त्याला रसेलच सांगितलं, फक्त क्रम बदलून: आधी सॉक्रेटिस, प्लेटो, मग उडी मारून देकार्त, स्पिनोझा, ह्यूम. थेलीस नंतर, कांट सुट्टी असेल तेव्हा.