पंप बदलावा की चेंबर?

इंजिनाची ताकद वाढवायला हेड झालं, कॅम झाला, एक्झॉस्ट मोकळा केला. आता गाडी रेडलाइनपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कमाल फेऱ्यांपर्यंत, खेचली जाणार म्हटल्यावर यादीत पुढचा नंबर तेलाचा लागतो, आणि इथे गॅरेजात दोन तट पडतात. एक म्हणतो तेलाचा मोठा पंप घाला, दुसरा म्हणतो चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला, हात लावा. दोन्ही एकदम करण्याची ऐपत असेल तर प्रश्नच मिटला. बहुतेकांना मात्र आधी काय, ते ठरवावं लागतं. माझ्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकसाठी, म्हणजे त्या १०६ बीएचपीच्या दीड लिटर इंजिनासाठी, मी ते ठरवलंय. सुझुकीच्या जी१३ इंजिनवाल्या एस्टीम-जिप्सीला पण यातलं बरंच लागू पडेल, कारण तिथेही पंप क्रँकच्या पुढच्या टोकावरच फिरतो.

पंपाची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. मूळ पंपाचे गिअर सहसा धातूची भुकटी दाबून-भाजून केलेले असतात. रोजच्या वापरात ते इंजिनाला शेवटपर्यंत पुरतात. पण इंजिन वारंवार लिमिटरवर (फेऱ्यांच्या ठरलेल्या मर्यादेवर) आपटू लागलं, किंवा थरथर शोषणारी रबरी डॅम्परची पुली काढून हलकी अ‍ॅल्युमिनियमची लावली, की क्रँकची पिळणारी थरथर सरळ गिअरवर येते आणि तो तडकू शकतो. तो फुटला तर दाब शून्य, आणि पुढच्या काही सेकंदांत बेअरिंगं गेली. अशा इंजिनाला अखंड स्टीलमधून कातलेले गिअर हवेतच, त्यात वाद नाही. टर्बोला तेलाची वेगळी लाइन दिली असेल किंवा बेअरिंगचं क्लिअरन्स, म्हणजे आतली फट, मुद्दाम सैल ठेवलं असेल, तर जास्त तेल फेकणारा पंपही समजू शकतो.

बाकीच्यांसाठी जुना ठोकताळा पुरतो: दर हजार आरपीएमला दहा पाउंड दाब. पंप झिजलेला नसेल तर साधारण ठेवणीचं इंजिन तेवढं देतं. त्याच्या वरचं जे काही मोठा पंप ढकलतो, ते रिलीफ व्हॉल्व्ह परत मागे सोडतो. त्यात क्रँकची ताकद जाते आणि तेल तापतं.

आता माझा कौल ज्या एका कटकटीने ठरला ती सांगतो. ओळखीतल्या एका सांगलीकराच्या सिटीला मोठा पंप आहे, माझ्या सिटीला तेव्हा मूळचाच होता. दोघांनी मेकॅनिकल गेज बसवलेले. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवे या रेस ट्रॅकवर दोन्ही गाड्या चालवल्या. सरळ रस्त्यावर त्याचा काटा बघून हेवा वाटावा, साठ-सत्तर पाउंडावर खिळ्यासारखा उभा. लांब वळणात शिरलो, स्टिअरिंग धरून ठेवलं, आणि वळणाच्या मध्यावर काटा थरथरत खाली आला. वीस, मग पंधरा, मग डॅशवर तेलाचा लाल दिवा लुकलुकला. स्टिअरिंग सरळ झाल्याबरोबर काटा पुन्हा जागेवर. माझ्या गाडीत हुबेहूब हेच, फक्त वरचा आकडा कमी.

व्हीटेकवाल्यांना हे जास्तच बोचतं. व्हीटेकमध्ये वरच्या फेऱ्यांना व्हॉल्व्ह मोठ्या कॅमवर जातात, आणि त्यासाठी रॉकर एकमेकांत अडकवणाऱ्या पिना तेलाच्या दाबानेच सरकतात. दाब पडला की वळणातच मोठ्या कॅमची साथ सुटते, आवाज बसतो, आणि बाहेर पडताना गाडी जिथे ओढायला हवी तिथे ढिली पडते. ज्याला ही गाडी आवडते त्याला ते क्षणभराचं ढिलेपण सहन होत नाही. खाली बेअरिंगवर काय बेतत असेल ते वेगळंच.

कारण साधं आहे. चांगल्या टायरवर गाडी वळणात गुरुत्वाकर्षणाच्या पाऊणपट जोर सहज घेते. तेवढ्या जोरात चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग ३५ ते ४० अंश कलतो. जेमतेम तीन-साडेतीन लिटर तेल, त्यातलं बरंच वर हेडमध्ये गेलेलं, आणि उरलेलं एका भिंतीवर चढलेलं. पंप जिथून तेल ओढतो ती सक्शनची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. हवा ओढणारा पंप लहान असो की मोठा, दाब बनणार नाही. मला तर वाटतं मोठा पंप तेल लवकर वर पाठवून चेंबर आणखी रिकामं करत असावा, कारण खाली परतणारं तेल आपल्याच गतीने येतं. हे मी मोजलेलं नाही, पण त्या सांगलीकराचा दिवा माझ्या आधी लागायचा एवढं खरं.

आमच्या साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट नेहमीच्या वेगाने चढणाऱ्याला यातलं काहीच जाणवणार नाही, आणि कासच्या गर्दीच्या रस्त्यावर ते अनुभवायला जाऊही नये. आखूड वळणात तेल भिंतीवर चढेपर्यंत वळण संपलेलं असतं. धोका लांब, वेगवान वळणाचा.

चेंबरमध्येही दोन वाटा आहेत. खोल चेंबर तयार मिळतं, तेल जास्त मावतं, कागदावर छान दिसतं. पण साताऱ्याहून कोरेगावला जा नाहीतर मेढ्याला, गावागणिक जे गतिरोधक लागतात त्यांची उंची कोणी ठरवलेली नसते. गाडी आधीच स्प्रिंग कापून खाली बसवलेली असेल तर दोन इंच खोल चेंबर म्हणजे एक दिवस चेंबर फुटणार. ट्रॅकवर ट्रेलरने गाडी नेणाऱ्याची गोष्ट निराळी.

म्हणून माझी पसंती मूळ खोलीच्या चेंबरला: बाजूंना थोडं रुंद केलेलं आणि आत पडदे बसवलेलं. जाळीभोवती चार भिंती, भिंतीत बिजागरीच्या झडपा. तेल जाळीकडे येताना झडप उघडते, परत पळू लागलं की मिटते. वर एक आडवी पत्री, म्हणजे तेल भिंतीवरून उडी मारत नाही आणि क्रँकही त्याला घुसळून फेस करत नाही. हे काम साताऱ्यात होतं. कूपरच्या इंजिन कारखान्याच्या काळापासून इंजिनाचं काम इथल्या हाताला ठाऊक आहे, आणि एमआयडीसीत टिग वेल्डिंग करणारा चांगला माणूस शोधायला फार फिरावं लागत नाही. तेच चेंबर लावून कारीला गेलो तेव्हा त्याच वळणात काटा चाळीसच्या खाली आला नाही.

ड्राय संप, म्हणजे तेल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणं, अर्थातच सगळ्यात उत्तम, पण टाकी, बाहेरचा पंप, बेल्ट, पाइप हे सगळं सिटीच्या बॉनेटखाली कोंबायचं तर त्या खर्चात दुसरं इंजिन उभं राहील. तो विचार मी लांबवला नाही.

एक गोष्ट पंपवाल्यांनी ध्यानात घ्यावी. या इंजिनात पंप काढायचा तर टायमिंग बेल्ट, क्रँक पुलीचा तो हट्टी बोल्ट आणि खालचं चेंबर, सगळंच उतरावं लागतं, कारण सक्शन पाइप पंपालाच बोल्ट केलेला असतो. चेंबरच्या कामाला फक्त एक्झॉस्टचा डाऊनपाइप आणि खालचं कव्हर उतरवायचं. म्हणजे पुढे कधी स्टीलचे गिअर घालायचे ठरलेच, तर पडद्यांचं चेंबर आधी केल्याने काही वाया जात नाही.

वेल्डरकडे देताना चेंबर मोकळं देऊ नका. जाड सपाट प्लेटवर किंवा जुन्या ब्लॉकवर सगळे बोल्ट आवळूनच वेल्डिंग करायला सांगा, नाहीतर फ्लँज, म्हणजे चेंबरची बोल्टांची कड, वाकतो आणि मग कितीही लिक्विड गॅस्केट लावा, तेल झिरपणारच. जाळी आणि तळ यात सहा ते दहा मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. चिकणमातीचा गोळा ठेवून, चेंबर बसवून, परत काढून त्याची जाडी बघा. तोच गोळा आडव्या पत्रीवर ठेवून क्रँक हाताने एक फेरा फिरवा, म्हणजे कनेक्टिंग रॉड कुठे घासतोय का तेही कळेल. झडपांच्या पिनांची टोकं पक्की ठोकून घ्या आणि पहिल्या ट्रॅक-डेनंतर तेल सोडताना ड्रेनच्या भोकातून टॉर्च मारून त्या हलतात का ते पाहा.