ट्रेलरची जोडणी: ओढून बघावी की वाकून?

ट्रेलर जोडला की बरेच चालक ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवतात आणि खालच्या गिअरमध्ये ट्रक हलकेच पुढे ओढून बघतात. ट्रेलर हलला नाही, की निघाले. मिनिटाचं काम, आणि लॉक लागलाच नसेल तर तिथेच कळतं. मात्र टेकूचे पाय तोवर जमिनीपासून जेमतेमच उचलावेत. सुटलाच तर ट्रेलर फार खाली आदळत नाही.

वाकून बघणं कपडे काळे करणारं. तरी माझं मत त्यालाच. ट्रेलर जास्त उंचावर असताना जोडला, तर किंगपिन, म्हणजे ट्रेलरखालची जोडणीची पिन, फिफ्थ व्हीलच्या (ट्रकवरची जोडणीची प्लेट) जबड्यांत न बसता वरच अडकू शकते. ओढल्यावर तीही तग धरते, आणि सुटते एखाद्या खड्ड्यात! टॉर्च मारली की फिफ्थ व्हील आणि ट्रेलरची प्लेट यांच्यातली फट लगेच दिसते. फट असेल तर जोडणी चुकलीच. जबडे पिनच्या बारीक मानेभोवती मिटलेले हवेत, खालच्या जाड टोकाभोवती नव्हे. लॉकचं हँडल पूर्ण आत, खटका लागलेला.

हवेच्या नळ्या आणि वायर लोंबताहेत का, हे ओढून कधीच कळत नाही. म्हणून आधी ओढा, मग इंजिन बंद करून, हँडब्रेक लावून खाली वाका.