रोजचा ॲप्रन: नागपूरच्या बर्डी बाजारातून तयार घ्यावा, टेलरकडून शिवून घ्यावा की घरीच शिवावा?

दाराची बेल वाजली की अंगातला ॲप्रन काढून ओट्याखाली कोंबता, की तसाच ठेवून दार उघडायला जाता? ॲप्रन निवडताना मी आधी हेच बघते. रोज घालायचा ॲप्रन हा कपडाच आहे. कुडता घेताना आपण रंग बघतो, पोत चाचपतो, अंगाला लावून बघतो. ॲप्रन मात्र भांड्यांच्या दुकानात टांगलेला दिसला की उचलतो. मग चार दिवसांत तो दारामागच्या खुंटीला जातो आणि फोडणीचे शिंतोडे पुन्हा कुडत्यावर उडू लागतात.

मी विकत घेतलेले, टेलरकडून शिवून घेतलेले आणि स्वतः शिवलेले असे तिन्ही प्रकारचे ॲप्रन वर्षानुवर्षं वापरले आहेत. आता कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिला जुन्या कापडाचा घरी शिवा आणि त्यावर माप जमवा. मग चांगलं सुती कापड आणून तसेच दोन टेलरकडून करून घ्या. तयार घ्यायचाच असेल तर पुढे सांगते तेवढं तपासून घ्या. असं का म्हणते, ते आता सविस्तर.

आधी कापड

नागपुरात ॲप्रनचा विचार उन्हाळ्यापासून सुरू करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कूलर हॉलमध्ये गार वारा देत असतो आणि आपण गॅसपुढे उभ्या असतो. पंखा लावला की ज्योत फडफडते, म्हणून तोही बंद. अशा वेळी कुडत्यावर आणखी एक थर चढवायचा तर तो घाम टिपणारा हवा. सुती धागा हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून पॉलिस्टरचा ॲप्रन दहा मिनिटांत पोटाला चिकटतो.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. सुती कापडही पेटतं, पण ते वितळत नाही. पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटून बसतं. ज्योतीच्या एवढं जवळ उभं राहून घालायचा कपडा त्याचा असू नये, हे मी आग्रहानं सांगेन. दुकानदार ‘प्युअर कॉटन आहे ताई’ म्हणाला तरी घरी आल्यावर दुमडीतून एक धागा ओढा, चिमट्यात धरा आणि मोरीजवळ पेटवून बघा. सुती धाग्याला कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरली जाते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र धाग्यात थोडं दोन्ही दिसतं.

ज्या शहरात जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली, जिथे कोष्टी विणकरांच्या घराघरात हातमाग चालत, ज्याच्या भोवती कापसाची शेतं आहेत, तिथेच सुती कापड पारखण्याची सवय सुटत चालली आहे. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तयार घेतला तर

बर्डीच्या मेन रोडवर, महालात, मॉलमध्ये आणि मोबाईलवर ॲप्रन भरपूर मिळतात. त्यातला मेणकापडासारखा, वरून प्लास्टिकचा थर दिलेला प्रकार भांडी घासताना किंवा मासे धुताना चांगला. त्यावर पाणी थांबतं आणि पुसला की झालं. स्वयंपाकाला तो नको. वर सांगितलेली दोन्ही कारणं त्याला दुपटीनं लागू आहेत. छापील टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिस्टर आणि सुती अशा मिश्र धाग्याचा, ॲप्रन सगळ्यात स्वस्त असतो आणि दुकानात दिसतोही सगळ्यात छान. त्याला भुलू नका. राहता राहिला सुती, आणि तो निवडूनच घ्यावा लागतो.

तयार ॲप्रनची मोठी अडचण म्हणजे ‘फ्री साइज’. पाच फुटांच्या बाईला तो घोट्यापर्यंत येतो. उंच बाईला तो छातीच्या खालून सुरू होतो आणि नेमके शिंतोडे उडतात ती जागा उघडी राहते. म्हणून गळ्याच्या पट्टीला कडी किंवा बटणं आहेत का, ती लहान-मोठी करता येते का, हे आधी बघा. मग कमरेच्या नाड्या. त्या मागून फिरवून पुढे बांधता आल्या तर ॲप्रन घट्ट बसतो आणि गाठ डोळ्यांसमोर राहते. आखूड नाड्यांची गाठ पाठीमागे चाचपडत मारावी लागते. नाडी जिथे जोडली आहे तिथे चौकोनात उलटसुलट टीप असावी. एकच टीप असेल तर पहिली तीच जागा उसवते. खिशाच्या दोन्ही कोपऱ्यांचंही तेच.

रंगाबाबतीत मी एकदा फसले आहे. गडद निळा, पांढऱ्या बुट्ट्यांचा सुती ॲप्रन मोबाईलवरून मागवला. दिसायला इतका देखणा की तो घालून मी बाल्कनीतही गेले. पहिल्याच धुण्यात त्यानं माझी पांढरी ओढणी आणि दोन बनियनं निळी केली. परत करायला गेले तर ‘वापरलेली वस्तू घेत नाही’ असं उत्तर मिळालं. तेव्हापासून नवीन ॲप्रनच्या आतल्या दुमडीवर ओला पांढरा रुमाल घासून बघितल्याशिवाय मी तो इतर कपड्यांत टाकत नाही.

भेट द्यायला, घाईच्या वेळी किंवा शिवण्या-शिवून घेण्यातलं काहीच जमणार नसेल तर तयार ॲप्रन जरूर घ्या. चांगल्या सुती ॲप्रनला मला साडेतीनशे-चारशे रुपये पडले.

टेलरकडून शिवून घेतला तर

इतवारी किंवा गांधीबागेत जाऊन कापड हाताळून घेण्याची सोय ज्या गावात आहे, तिथे हा पर्याय लोक फारसा का निवडत नाहीत, कळत नाही. जाड पॉपलीन किंवा हातमागाचं सुती घ्यावं. कॅम्ब्रिक ब्लाउजच्या अस्तराला ठीक, ॲप्रनला पातळ पडतं. तेल लगेच आरपार जातं. ड्रिल आणि डेनिम टिकतात, पण उन्हाळ्यात जड होतात आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाहीत. कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ४४ इंच पन्ह्याचं एक मीटर साध्या गळ्याच्या ॲप्रनला पुरतं. ३६ इंच पन्हा असेल तर दीड मीटर घ्या.

आमच्या टेलरभाऊंकडे पहिल्यांदा कापड घेऊन गेले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘याचं काय माप घ्याचं ताई? सरळ तर आहे.’’ मी काही बोलले नाही आणि जो ॲप्रन आला तो सरळच होता. काखेजवळ कापड फुगायचं आणि वाकलं की गळपट्टी मानेत रुतायची. दुसऱ्या वेळी मी माझा घरी शिवलेला जुना ॲप्रन सोबत नेला आणि बदल तोंडी सांगितले: लांबी दोन इंच कमी, खिसा उजवीकडे, काखेच्या गोलाईला उरेब पट्टी, म्हणजे कापडाच्या तिरक्यात कापलेली पट्टी. तो ॲप्रन अजून चालू आहे. टेलरला नमुना दिला तर काम नेमकं होतं, नुसत्या वर्णनावर सोडलं तर त्याच्या अंदाजावर जातं. आणखी एक, लग्नसराईत ॲप्रन टाकू नका. ब्लाउजांच्या गठ्ठ्याखाली तो महिनाभर पडून राहतो आणि टेलरचीही त्यात चूक नसते. श्रावण बरा.

खर्चाचं म्हणाल तर मला कापड आणि शिलाई धरून तीनशेच्या आत पडलं. म्हणजे पैशांत फार फरक नाही. फरक आहे तो मापात आणि पसंतीत.

घरी शिवला तर

शिवणाचा हा सगळ्यात सोपा कपडा आहे. बाही नाही, कॉलर नाही, चेन नाही. एक दुपार पुरते.

कापड आदल्या रात्री पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. कोरं सुती कापड धुतल्यावर आटतं. मीटरमागे इंच-दीड इंच सहज जातं. आधीच आटलेलं बरं. मग ३६ इंच लांब आणि ३० इंच रुंद तुकडा कापा आणि उभा मधोमध दुमडा. वरच्या बाजूला घडीपासून सहा इंचांवर खूण करा. उघड्या कडेवर वरून दहा इंच खाली दुसरी खूण करा. दोन्ही खुणा आतल्या बाजूला वळणाऱ्या गोलाईनं जोडून कापा. ही काखेची गोलाई. तिथून निघालेले दोन तुकडे टाकू नका. जुन्या टॉवेलचा थर मध्ये घालून एकावर एक शिवले की गरम भांडं धरायचं फडकं होतं.

पन्ह्यातून बाजूला १३-१४ इंचांची उभी पट्टी उरते. त्यातून तीन-तीन इंचांच्या दोन नाड्या काढा. उरलेल्या सात-आठ इंचांत वर गळ्याची पट्टी आणि खाली खिसा बसतो. नाडी चौपदरी दुमडली की पाऊण इंचाची होते. कापड जवळजवळ वाया जात नाही, आणि मला या कामात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. कडा अर्धा इंच दोनदा दुमडून टीप मारा. गोलाई मात्र दुमडायला जाऊ नका, तिथे चुण्या पडतात. तिला उरेब पट्टीच लावा. मशीन नसेल तर हातानं उलटी टीप घाला. वेळ लागेल, पण शिवण तेवढीच पक्की होते.

खिसा मधोमध लावू नये. पोळपाटाशी उभं राहिलं की त्यात पीठ जातं, आणि माझ्या पहिल्या ॲप्रनच्या खिशात दर आठवड्याला कढीपत्त्याची पानं आणि मोहरी सापडायची. कमरेच्या थोडा खाली, एका बाजूला लावला की मोबाईल राहतो आणि वाकलं तरी पडत नाही.

कापडासाठी दुकानात जायलाच हवं असं नाही. ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांचा गठ्ठा प्रत्येक घरात असतो. त्यातले सुती निवडा. ८० सेंटिमीटरचा एक तुकडा अंगाला, दुसरा नाड्या-खिशाला, असं दोन रंगांत फार छान दिसतं. जुनी सुती साडी असेल तर तिचा झिजलेला मधला भाग सोडा, पदराजवळचा घ्या, तो दुहेरी ठेवा आणि नाड्या काठाच्या करा. काठ मुळातच घट्ट विणलेला असतो, त्यामुळे दुमडायची एक बाजू वाचते. माझ्या आईच्या हिरव्या साडीचा असा ॲप्रन मी दिवाळीचा फराळ करताना घालते.

गळ्यात की पाठीवर फुली

माझ्या भाचीला मानेचा त्रास आहे. गळ्यात अडकवायचा ॲप्रन घातला की अर्ध्या तासात तिची मान भरून यायची. तिला आम्ही पाठीवर पट्ट्यांची फुली येते तसा शिवला. त्याचा भार खांद्यांवर जातो, गाठ मारावी लागत नाही, डोक्यातून घातला की झालं. वाण्याकडे जाताना अंगावर राहिला तरी पिनोफ्रॉकसारखा छानच दिसतो. कापड मात्र पावणेदोन मीटर लागतं, कारण बाजू पाठीपर्यंत वळतात, आणि त्यामुळे तो जास्त उकडतो. मान ठीक असेल तर नागपूरच्या उन्हाळ्यात गळ्याचाच बरा. दुखत असेल तर फुलीचाच, थोडं उकडलं तरी. गळ्याच्या ॲप्रनचा एक फायदा विसरू नका: कढईतलं तेल अंगावर सांडलं तर तो क्षणात ओढून काढता येतो. म्हणून नाडीला सुटणारा फासच बांधा, पक्की गाठ मारू नका.

देखणेपणाचं

पांढरा आणि फिका गुलाबी ॲप्रन आपल्या स्वयंपाकाला झेपत नाही. सावजी रस्सा, तर्री, पाटोडी असं सगळं हळदीचं आणि तेलाचं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो आधी लाल होतो, घाबरू नका. धुऊन कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात उडतो, आणि ऊन इथे कमी नाही. तरीही मोहरी रंग, गडद हिरवा, विटकरी किंवा बारीक दाट छपाई निवडली तर दिवसभर नीटनेटकं वाटतं.

खणाचे ॲप्रन हल्ली बरेच दिसतात. फोटोत सुंदर, पण रोज धुवायला आणि गॅसपुढे घालायला मी घेणार नाही. खणाचा खिसा तेवढा लावावा, आणि तोही आधी रंग जातो का ते तपासून. खादी आवडत असेल तर वर्ध्याच्या मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांची खादी मिळते. पोत अप्रतिम. फक्त असे रंग लिंबू, चिंच किंवा खाण्याचा सोडा लागला की जागच्या जागी बदलू शकतात, तेव्हा ती खादी घ्याल तर चहापाण्याच्या, हलक्या कामाच्या ॲप्रनसाठी घ्या.

रोजच्याला तीन पुरतात: एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत. माप एकदा मनासारखं बसलं की जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून त्याचा कागद कापून घ्या, म्हणजे टेलरला द्यायलाही तोच चालतो. माझा कागद आतापर्यंत तीन घरांत फिरला. सध्या भाचीच्या जावेकडे आहे. ती डावखुरी, म्हणून तिनं त्यावर लाल पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘खिसा डावीकडे’.