पाच पिनांची साइट, आठ महिन्यांनंतर: आता चारच ठेवल्यात

मार्चच्या अखेरीस माझ्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्याला पाच पिनांची साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, बसवली. आता नोव्हेंबर संपत आलाय. या आठ महिन्यांत आठवड्यातून तीनदा तरी तिरंदाजी झाली, आणि पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या क्लबच्या जंगलात जवळजवळ दर रविवारी थ्री-डी फेरी, म्हणजे वाटेवर मांडलेल्या फोमच्या प्राण्यांवर बाण मारत फिरणं, झाली. साइटचं नाव मुद्दाम देत नाही. सुमारे १४० डॉलरची, मधल्या किमतीची आहे, आणि मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळ्याच पिनांच्या साइटना लागू पडतं. मी शिकार करत नाही. फोमची हरणं, टर्की आणि अस्वलं हेच माझं लक्ष्य.

साताऱ्यात कंपाउंड मारणाऱ्या भाचीला पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर ही साइट दाखवली तेव्हा तिने विचारलं, "मामा, एवढ्या पिना कशाला? आमच्याकडे एकच ठिपका असतो." तिचं बरोबर होतं. स्पर्धेतल्या कंपाउंडवाल्यांचं अंतर ठरलेलं असतं, ५० मीटर. लक्ष्य ८० सेंटिमीटरचं, त्यातलं दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं. भिंगाच्या स्कोपमध्ये एक ठिपका, तो स्क्रूने एकदा ५० मीटरवर नेला की काम झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि ओजस देवतळे वैयक्तिक विजेते झाले. ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडे घडलेले. त्यामुळे आमच्या घरात कंपाउंड म्हटलं की तोच स्कोप डोळ्यासमोर येतो.

थ्री-डीमध्ये अंतर ठरलेलं नसतं. पहिलं हरिण २२ यार्डांवर, पुढचं ओढ्यापलीकडे ४३ वर, त्यानंतरची टर्की झुडपाआडून १७ वर. एक यार्ड म्हणजे ०.९१ मीटर. दर वेळी ठिपका वरखाली करत बसण्यापेक्षा वरून खाली ओळीने पिना लावलेल्या असतात: सगळ्यात वरची २० यार्डांची, मग ३०, ४०, ५०, ६०. अंतर ओळखायचं, त्याची पिन लक्ष्यावर ठेवायची, बाण सोडायचा. सांगायला एवढंच. पण त्या पिना जागेवर आणायला मला सहा आठवडे लागले, आणि त्यातले पहिले दोन फुकट गेले.

फुकट गेले कारण सुरुवात पिनांपासून केली. दोरी नवी होती. नवी दोरी पहिल्या दोनतीनशे बाणांत थोडी ताणली जाते. तिच्यातलं पीप, म्हणजे ज्या बारीक भोकातून आपण साइटकडे बघतो ते, फिरतं. बाणाचा वेग किंचित बदलतो. मी पहिल्याच आठवड्यात पाचही पिना हौसेने लावून टाकल्या. दोन आठवड्यांनी ४० आणि ५० चे बाण खाली लागायला लागले, तेव्हा मला वाटलं माझंच तंत्र ढासळलंय. दोरी मुरू द्या, मग पिनांना हात लावा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी चूक त्याहून महागात पडली. बाणाची रेस्ट, म्हणजे बाण ज्यावर टेकतो तो भाग, तपासण्याआधीच मी साइट डावी-उजवी करत होतो. २० यार्डांवर बाण मध्यावर, पण ५० वर हाताएवढे डावीकडे. साइट उजवी-डावी करून हे कधीच सुटत नाही. एका अंतरावर जुळवलं की दुसऱ्यावर बिघडतं. क्लबमधल्या एका जुन्या माणसाने उपाय दाखवला. बाण झेलणाऱ्या मोठ्या गठ्ठ्यावर वरून खाली ओळंबा सोडायचा आणि त्याच्या माथ्याशी एक ठिपका काढायचा. फक्त २० ची पिन वापरून त्याच ठिपक्यावर नेम धरायचा, आणि २०, ३०, ४० यार्डांवरून बाण मारायचे. बाण खाली खाली जाणारच. माझ्या धनुष्याने ते ३० वरून साधारण पाच इंच आणि ४० वरून पंधरा इंच खाली लागतात. बघायचं ते एवढंच, की ते दोऱ्याच्या सरळ रेषेत उतरतात की तिरपे. माझे मागे जाताना डावीकडे सरकत होते. रेस्ट एक मिलिमीटरहूनही कमी उजवीकडे सरकवली आणि रेष सरळ झाली. त्यानंतर डाव्या-उजव्याचा प्रश्न पुन्हा आला नाही.

आता मुख्य काम. वरच्या पिनेपासूनच सुरुवात करायची. आधी दहा यार्डांवर उभं राहून बाण निदान गठ्ठ्यात लागतोय याची खात्री करायची, मग २० वर जायचं. नियम एकच, आणि नवीन माणसाच्या तो हमखास उलटा लक्षात राहतो: बाण जिकडे लागला तिकडे पिन न्यायची. बाण वर लागला तर पिन वर, डावीकडे लागला तर पिन डावीकडे. एका बाणावरून काही हलवायचं नाही. तीन बाण मारायचे आणि त्यांच्या मध्याचा हिशोब धरायचा. एक बाण भरकटला असेल तर तो सोडून चौथा मारायचा. २० ची पिन जागेवर आली की सगळा पिनांचा गट एकत्र हलवणाऱ्या स्क्रूला पुन्हा हात लावायचा नाही. तो हलला की सगळंच हललं. पुढच्या पिना प्रत्येकीच्या स्वतंत्र स्क्रूनेच सरकवायच्या.

पिनांमधलं अंतर सारखं नसतं, याचं मला कुतूहल होतं म्हणून व्हर्नियरने मोजलं. माझं धनुष्य ओढायला ५५ पौंडांचा जोर लागतो, बाण ४०० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप), वेग सेकंदाला २६५ फूट. २० आणि ३० च्या पिनांमध्ये साडेचार मिलिमीटर, ५० आणि ६० मध्ये सहा. कारण सोपं आहे. बाण जितका वेळ हवेत, त्याच्या वर्गाच्या पटीत तो खाली येतो. वीस यार्डांना जेमतेम दहा इंच, चाळीसला चाळीस इंच. म्हणून पिना वरून खाली येताना थोड्या थोड्या लांबत जाव्यात. कुठे मध्येच दोन पिना एकमेकींना खेटलेल्या दिसल्या तर धनुष्य बिघडलेलं नसतं, बहुतेक वेळा त्यातली एक पिन चुकीच्या दिवशी लावलेली असते.

चुकीचा दिवस म्हणजे काय, ते सांगतो. ५० ची पिन मी एका संध्याकाळी ऐंशी बाणांनंतर लावली. दमलेला हात शेवटच्या क्षणी किंचित पुढे सैल पडतो, दोरी पूर्ण मागे राहत नाही, बाण खाली लागतो. मी पिन खाली नेत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या हाताने मारलं तर सगळे बाण चार इंच वर. तेव्हापासून ४० च्या पुढची प्रत्येक पिन तीन वेगवेगळ्या दिवशी तपासली, सकाळी, पहिल्या तीस बाणांच्या आत. तीन दिवसांचा मध्य धरला. यामुळे वेळ लागला, पण त्या पिना आजतागायत हलल्या नाहीत.

हलली ती एकच, आणि तीही स्क्रूमुळे. जूनमध्ये एका रविवारी ४० वरचे तिन्ही बाण हरणाच्या पायाशी गेले. घरी येऊन पाहिलं तर तिसऱ्या पिनेचा स्क्रू ढिला होऊन पिन वर सरकली होती. कंपाउंडच्या प्रत्येक बाणामागे साइटला जोराचा धक्का बसतो, आणि इतके बारीक स्क्रू त्याने ढिले होणारच. आता प्रत्येक स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावलंय आणि पिनेच्या बुडाशी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारलीय. पिन तसूभर सरकली तरी रेघ तुटलेली दिसते. फेरीला निघण्याआधी पाच सेकंद ती रेघ बघायची सवय लागलीय. ॲलन की पिशवीत कायम असते.

साइटमधल्या, धनुष्य सरळ आहे का ते दाखवणाऱ्या पातळीच्या बुडबुड्याला मी आधी शोभेची वस्तू समजत होतो. धनुष्य दोन अंश उजवीकडे कललं तर २० यार्डांवर बाण अर्धा इंच उजवीकडे जातो, कळतसुद्धा नाही. ६० वर तोच कल तीन इंचांहून जास्त होतो. म्हणून बुडबुडा आधी दोरीशी जुळवून घ्यायचा. दोरी ओळंब्यात असताना बुडबुडा बरोबर मध्ये यायला हवा. या साइटला ते करायची सोय आहे. जी नाही ती तिसऱ्या अक्षाची, म्हणजे चढ-उतारावर मारतानाही बुडबुडा खरं दाखवेल असा जुळवायची. आमच्या क्लबचं जंगल डोंगरउताराचं आहे. खाली दरीत मारताना बाण सतत थोडे उजवीकडे जातात आणि वर मारताना डावीकडे. पुढची साइट घेताना मी ही एक सोय बघूनच घेईन, चाळीस-पन्नास डॉलर जास्त पडले तरी चालतील. सपाट मैदानावर मारणाऱ्याला याची गरज नाही.

चढ-उताराबद्दल अजून एक. अंतर तिरकं मोजून त्याचीच पिन वापरली तर बाण वर जातो. गुरुत्वाकर्षण फक्त आडव्या अंतरावर मोजायचं. तीस अंशांच्या उतारावर ४० यार्ड म्हणजे पिनांच्या हिशोबाने साधारण ३५. तेव्हा ३० आणि ४० या दोन पिनांच्या मधली मोकळी जागा लक्ष्यावर ठेवायची. ही मधली जागा वापरणं आधी अंदाजपंचे वाटलं होतं, पण दोन महिन्यांत हाताला बसलं. २५ आणि ३५ वर मी आता पिनेइतक्याच भरवशाने मारतो. ४५ वर नाही. तिथे पाच यार्डांची चूक पाच इंचांना पडते, २० च्या आसपास तीच चूक दोन इंचांची.

पिनांचा आकारही बघून घ्या. माझ्या पिनांच्या टोकाला उजेड गोळा करणाऱ्या रंगीत फायबरचा ठिपका आहे, ०.०१९ इंचांचा. ६० यार्डांवर तेवढी पिन सव्वा इंच लक्ष्य झाकते, जे मला चालतं. ०.०१० च्या पिना निम्मं झाकतात, पण झाडाच्या दाट सावलीत त्या दिसेनाशा होतात. क्लबमधल्या एका मित्राच्या साइटवर मी ते स्वतः पाहिलं. हिरवा रंग सगळ्यात शेवटी विझतो, लाल आधी. माझी ४० ची पिन लाल होती. ऑक्टोबरात पाच वाजता ती करडी दिसायला लागली, म्हणून ५० च्या हिरव्या पिनेशी तिची अदलाबदल केली. जास्त वापर ४० चा, तिला चांगला रंग हवा. ज्यांच्या डोळ्यांत ॲस्टिग्मॅटिझम आहे त्यांना भर उन्हात या पिना ताऱ्यासारख्या फुटलेल्या दिसतील. तेव्हा फायबरच्या काही भागावर काळी टेप लावून उजेड कमी करावा.

पाच पिनांची सगळ्यात मोठी उणीव साइटच्या बांधणीत नाही, ती माणसाच्या घाईत आहे. फोमचं अस्वल दिसतं, मागे चार जण वाट बघत असतात, दोरी ओढलेली असते आणि डोळा चुकीची पिन उचलतो. ४० वर ३० ची पिन म्हणजे साडेआठ इंच खाली. आठ महिन्यांत हे माझ्याकडून अकरा वेळा झालं, वहीत लिहून ठेवलंय. त्यातले आठ जुलैच्या आधीचे. ऑगस्टमध्ये मी सगळ्यात खालची, ६० ची पिन काढून टाकली. आमच्या क्लबमध्ये ५० च्या पुढे लक्ष्य क्वचितच लागतं. ६० वर माझी पिन स्थिर राहत नाही, आणि चार पिना असलेल्या खिडकीतून हरीण जास्त मोकळं दिसतं. त्यानंतर चूक तीनदाच झाली. पहिल्यांदा साइट घेणाऱ्याला मी सरळ तीन पिनांची घ्यायला सांगेन: २०, ३०, ४०.

बाणाच्या टोकाचं वजन बदललंत तर सगळं पुन्हा करावं लागेल, हे लक्षात ठेवा. सप्टेंबरमध्ये मी १०० ग्रेनऐवजी १२५ ग्रेनची टोकं लावून पाहिली. २० वर फरक अर्ध्या इंचाहून कमी, म्हणून मला वाटलं काही बिघडलं नाही. ५० वर बाण अडीच इंच खाली गेले. १०० ची टोकं परत लावली.

भाचीला मागच्या आठवड्यात पुन्हा साइट दाखवली. तिने हिशोब केला, "५० मीटर म्हणजे ५४.७ यार्ड. मामा, तुमची ६० ची पिन असती तर आमचं लक्ष्य दोन पिनांच्या बरोबर मध्ये आलं असतं." २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये असणार आहे, आणि घरात सध्या दुसरा विषय नाही. ती इकडे आली तर तिच्यासाठी एक रविवार जंगलातली फेरी ठेवलीय. तिचा स्कोप तिथे चालणार नाही, माझं धनुष्यही तिच्या हाताच्या मापाचं नाही, म्हणून क्लबचं कुणाचं तरी मागून घ्यावं लागेल, पिनांसकट.

डिसेंबरपासून इनडोअर सुरू होईल. तिथे सगळं २० यार्डांवर, फक्त वरची पिन. खालच्या तिघींना मार्चपर्यंत हात लावणार नाही. थंडी ओसरली की ४० पासून तपासणी करायची, २० पासून नाही. काही हललं असेल तर ते ४० वर आधी दिसतं.