लाळेची नळी, ई४ आणि ताईच्या रिपोर्टातली तीच पानं

घरबसल्या डीएनए चाचणी आणि सोबत 'तुमच्या जनुकांनुसार मेंदूचा आहार'. पाचपैकी अडीच स्टार. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आईला अल्झायमर झाला, म्हणून मी आणि ताईने एकाच दिवशी किट मागवलं. आधी अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही आणि नळीतला फेस धरायचा नाही, त्यामुळे रेघेपर्यंत लाळ भरायला मला वीस मिनिटं लागली. ताईने पाचच मिनिटांत उरकलं!

जनुकाचं काम चोख. एपीओई या जनुकाच्या ई२, ई३, ई४ अशा आवृत्त्या असतात, आई-वडिलांकडून एकेक येते. माझं ई३/ई४ निघालं, ताईचं ई३/ई३. या जनुकातून बनणारं प्रथिन मेंदूत कोलेस्टेरॉलची ने-आण करतं, आणि ई४ असली की अल्झायमरचा धोका वाढतो. रिपोर्टात लाल अक्षरांत 'तिप्पट'. कशाच्या तिप्पट, कोणत्या वयात, काही नाही. ई४ असूनही आजार न होणारे पुष्कळ असतात, हे तळटीपेत. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन, यांनी २००७ साली स्वतःचा जीनोम (सगळा डीएनए) खुला केला, तेव्हा नेमकं हेच जनुक झाकून ठेवायला सांगितलं होतं. आम्हाला कुणी विचारलंच नाही. पहिल्याच पानावर निकाल. एक स्टार तिथेच गेला.

बाकीचे दीड आहाराने घालवले. ताई फोनवर तिची पानं वाचत होती, मी माझ्या पानांवर बोट फिरवत होते. पालेभाज्या, बेरी, मासे, अक्रोड... शब्दशः तेच! ई४ माझी, मग खास काय? कस्टमर केअरचं उत्तर: 'अल्गोरिदम ठरवतो, मॅडम.'

आहार वाईट नाही हो. फिनलंडमध्ये १२६० ज्येष्ठांवर दोन वर्षं झालेल्या फिंगर चाचणीत आहार, व्यायाम, मेंदूला सराव आणि रक्तदाबावर लक्ष या सगळ्यांचा मिळून फायदा दिसला, ई४ असणाऱ्यांनाही. म्हणजे सल्ला सगळ्यांना एकच, हे बरोबरच. मग त्यावर जनुकाचं लेबल लावून पैसे कशाला घ्यायचे? आणि नुसत्या आहाराचं म्हणाल, तर आमच्यासारख्याच, घरात स्मृतिभ्रंश असलेल्या ६०४ जणांवर तीन वर्षं 'माइंड' आहाराची (मेंदूसाठी आखलेला, पालेभाज्या-बेरी-माशांवर भर देणारा) चाचणी झाली. २०२३ मध्ये निकाल आला: नेहमीचंच अन्न जरा कमी खाणाऱ्या गटापेक्षा ठळक फरक नाही. रिपोर्टात याचा उल्लेख शोधूनही सापडला नाही.

'ई४ साठी खास' कॅप्सूलच्या मेल मात्र अजून येतात. ताईलाही.